वाचकांचे प्रश्न : अपघाताचा रुग्ण आणि रक्ताचे रिपोर्ट

अपघातानंतरच्या रक्ततपासण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. निम्मी पत्रं नातेवाइकांची आहेत, निम्मी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत काम करणाऱ्यांची. त्यामुळे काही उत्तरं साधी, काही थोडी तांत्रिक झाली आहेत. औषधांचे डोस जिथे आले आहेत ते उपचार करणाऱ्यांसाठी आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत.

प्रश्न : भावाला मोटारसायकलच्या अपघातानंतर दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन १३.२ होतं. चार तासांनी ८.४ झालं आणि पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. पहिला रिपोर्ट चुकीचा होता का? (वाचक, संगमनेर)

बहुधा नाही. तांब्यातलं अर्धं ताक सांडलं म्हणून उरलेलं ताक पातळ होत नाही. त्यात पाणी घातलं की ते पातळ होतं. हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे ताकाचा दाटपणा. तांब्यात ताक किती उरलंय ते त्यातून कळत नाही. १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, एवढंच तो सांगतो. प्लीहा फाटून पोटात रक्त जातं तेव्हा लाल पेशी आणि पाणी दोन्ही एकाच प्रमाणात जातात. म्हणून दीड लिटर रक्त गेलेल्या माणसाचाही पहिल्या अर्ध्या तासातला रिपोर्ट १३ येऊ शकतो.

पुढे शरीर ऊतींमधलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेतं. हे काम सावकाश, काही तास चालतं आणि पुरतं व्हायला दिवसही लागतो. सलाईन लावलं की तेच भराभर होतं. त्यामुळे ८.४ मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: आधीच गेलेलं रक्त आता आकड्यात दिसायला लागलेलं असतं, शिवाय चार तासांत आणखी गेलेलंही असतं. नुसत्या आकड्यावरून त्यांची वाटणी करता येत नाही. दोन लिटर सलाईन गेलेल्या, अजिबात रक्तस्राव नसलेल्या माणसाचं हिमोग्लोबिनही एक-दीड ग्रॅमने उतरतं. म्हणून ‘एवढं उतरलं म्हणजे आत रक्तस्राव आहेच’ असंही म्हणता येत नाही.

मग पहिल्या तासात बघायचं काय? ७० किलोच्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. ७५० मिलिलिटरपर्यंत गेलं तर नाडी-बीपी फारसं हलत नाही. दीड लिटरपर्यंत नाडी वाढते, पण वरचं बीपी बहुतेकदा टिकून असतं. त्यापुढे ते कोसळायला लागतं. त्यामुळे नाडी आणि वरचं बीपी यांचा भागाकार उपयोगी पडतो. नाडी ११० आणि बीपी १०० असेल तर दोन्ही आकडे सुटे पाहिले तर घाबरवत नाहीत, पण ११० भागिले १०० म्हणजे १.१. हा भागाकार ०.९ च्या पुढे गेला की रक्तस्राव शोधायला लागायचं. सोबत पोटाची सोनोग्राफी, छातीचा आणि ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे. मांडीचं हाड मोडलं असेल तर एकट्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साठतं, बाहेर थेंबही न दिसता.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पहिलंच हिमोग्लोबिन ८ किंवा ९ आलं तर ‘आधीपासून पंडुरोग असेल’ असं म्हणून सोडू नये. पहिला आकडा कमी आला तर गंभीर समजायचं. पहिला आकडा चांगला आला तर त्यावर विसंबायचं नाही, तासा-दोन तासांनी पुन्हा पाहायचं.

प्रश्न : आमच्याकडे एबीजी (रक्तातले वायू आणि आंबटता मोजणारं) मशीन आलं आहे. लॅक्टेट आणि बेस डेफिसिट (रक्त किती आंबट झालंय त्याचं माप) यांपैकी कशाकडे जास्त लक्ष द्यावं? किती आकड्याला रुग्ण पुढे पाठवावा? (वैद्यकीय अधिकारी, उपजिल्हा रुग्णालय, मराठवाडा)

रक्त कमी पडलं की पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. मग त्या ऑक्सिजनशिवाय साखर जाळतात आणि लॅक्टेट साठतं. दुखापतीच्या ताणाने अंगात उसळणारं ॲड्रेनलिनही त्यात भर घालतं. बीपी कोसळण्याच्या बरंच आधी हे सुरू होतं, म्हणून या आकड्याची किंमत. तरुण, धडधाकट माणूस १२०/८० बीपी घेऊन बोलत बसलेला असतो आणि लॅक्टेट ४.५ असतं. हा रुग्ण हातातून निसटायच्या बेतात असतो. रात्री अडीच वाजता त्याला जनरल वॉर्डात टाकलं जातं, आणि घोटाळा तिथेच होतो.

ढोबळ मर्यादा अशा: २ मिलिमोल प्रति लिटरच्या आत ठीक, २ ते ४ संशयास्पद, ४ च्या वर धोक्याचं. मशीन मिलिग्रॅममध्ये आकडा देत असेल तर ९ ने भागा. ३६ मिलिग्रॅम म्हणजे ४ मिलिमोल. बेस डेफिसिटचे टप्पे: २ पर्यंत किरकोळ, २ ते ६ मध्यम, ६ ते १० मध्ये रक्त लागण्याची दाट शक्यता, १० च्या पुढे मोठ्या प्रमाणात रक्त देण्याची तयारी. मशीनवर हाच आकडा ‘बेस एक्सेस’ म्हणून वजा चिन्हाने येतो. उणे ८ म्हणजे डेफिसिट ८. ही चिन्हाची गफलत हँडओव्हरमध्ये नेहमी होते.

दोन्हींत निवड करायचीच झाली तर आमचा कौल लॅक्टेटला. कारण साधं आहे. आपल्याकडे अपघाताच्या रुग्णाला अजून सवयीने नॉर्मल सलाईनच्या बाटल्या जातात. त्यातल्या क्लोराईडने रक्त आंबट होतं आणि बेस डेफिसिट वाढतं, रक्तस्राव थांबलेला असला तरी. अशा वेळी लॅक्टेट उतरतंय आणि बेस डेफिसिट अडून बसलंय असं दिसलं तर दोष बहुधा सलाईनचा. मूत्रपिंडाचा जुना आजार आणि मधुमेहातला कीटोॲसिडोसिस हेही बेस डेफिसिट बिघडवतात. ‘रिंगर लॅक्टेटने (लॅक्टेट असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनने) लॅक्टेट वाढत नाही का?’ असं पुष्कळदा विचारतात. यकृत ठीक असेल तर नेहमीच्या प्रमाणात दिलेल्या रिंगरने पडणारा फरक किरकोळ असतो. फक्त रिंगर चालू असलेल्याच हातातून नमुना घेऊ नका.

खोटं वाढलेलं लॅक्टेटही भेटतं. दारू प्यालेला, नुकतीच फिट येऊन गेलेला, मारामारीत किंवा पळून दमलेला, यकृताचा जुना रुग्ण, ॲड्रेनलिनचं इन्फ्युजन चालू असलेला. यातलं दारूचं कारण सगळ्यात फसवं. ‘प्यायलाय, म्हणून ५ आलं’ हे वाक्य पोटाची सोनोग्राफी होईपर्यंत तोंडात येऊ देऊ नये. प्यालेल्या माणसाचीही प्लीहा फाटते.

एका आकड्यापेक्षा दोन आकडे आणि त्यांच्यामधली वेळ महत्त्वाची. समजा ९.४० ला ४.८ आलं. रक्तस्राव शोधून, बांधून, रक्त देऊन ११.४० ला पुन्हा काढलं आणि ३.६ आलं, म्हणजे दोन तासांत चौथा भाग उतरला. दिशा बरोबर आहे. तेच ११.४० ला ५.१ आलं, तर बीपी कितीही सुंदर असो, कुठेतरी गळती चालू आहे किंवा आतड्याचा, हातापायाचा रक्तपुरवठा तुटला आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६ गंभीर जखमींच्या एका अमेरिकन अभ्यासात लॅक्टेट २४ तासांच्या आत सामान्य झालेले सगळे रुग्ण वाचले. २४ ते ४८ तासांत झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश वाचले. ४८ तासांतही सामान्य न झालेल्यांपैकी सातांत जेमतेम एक वाचला. अभ्यास छोटा होता, पण तेव्हापासून लॅक्टेट पुन्हा पुन्हा मोजायची पद्धत पडली.

पाठवण्याबद्दल: ४ च्या वर लॅक्टेट, किंवा ६ च्या वर बेस डेफिसिट, आणि तुमच्याकडे सर्जन किंवा रक्तपेढी नसेल, तर दुसऱ्या आकड्याची वाट पाहू नका. १०८ बोलवा, पोहोचायच्या दवाखान्याला फोन करून आकडा आणि वेळ दोन्ही सांगा, चिठ्ठीवरही लिहा. पुढच्या डॉक्टरच्या हातात तुमचा आकडा हा ‘पहिला’ आकडा असतो. तो नसेल तर त्यांचा दोन तासांनी काढलेला आकडा चढतोय की उतरतोय हे त्यांना कळणारच नाही. आणि उलटही: लॅक्टेट १.६ आहे म्हणून सोनोग्राफीत दिसलेलं पोटातलं रक्त खोटं ठरत नाही.

प्रश्न : लॅबवाले वारंवार नमुना ‘रिजेक्ट’ करतात, किंवा रिपोर्ट रुग्णाशी जुळत नाही. अपघात विभागात नमुना घेताना नेमकं चुकतं कुठे? (परिचारिका, कोकण)

घाईत चार-पाच गोष्टी ठरलेल्या चुकतात.

सलाईनच्या वरून घेतलेला नमुना ही पहिली. डाव्या हाताला बाटली चालू, आणि त्याच हाताला कोपराशी सुई. रिपोर्ट येतो हिमोग्लोबिन ६, पोटॅशियम २, क्लोराईड १३०. डेक्स्ट्रोज चालू असेल तर साखर ७००. असा चमत्कारिक संच दिसला की नमुना कोणत्या हाताचा ते आधी विचारायचं. दुसरा हात घ्या. तो मोडलेला असेल तर बाटली दोन मिनिटं बंद करून सुईच्या जागेच्या खालून घ्या. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) घेताना पहिले पाच मिलिलिटर टाकून द्या.

दुसरी चूक निळ्या झाकणाच्या ट्यूबची. तिच्यात ०.३ मिलिलिटर सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं आणि रक्त बरोबर रेघेपर्यंत, २.७ मिलिलिटर, यावं लागतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त अर्ध्यावर सोडलं तर सायट्रेट जास्त होतं, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) खोटाच लांबतो आणि रुग्णाला विनाकारण प्लाझ्मा चढतो. भरल्यावर ट्यूब तीन-चार वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, खुळखुळवायची नाही. न उलटल्यास बारीक गुठळ्या होतात आणि फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) खोटं कमी येतं.

ट्यूबचा क्रम: आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं, तेही रक्त गोठू न देणारं रसायन. जांभळीत जास्त झालेलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतायची एक वाईट सवय सगळीकडे आहे. त्याने पोटॅशियम ८-९ आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य येतं. चिरडलेल्या पायाच्या रुग्णात असा रिपोर्ट आला तर खरा की खोटा हे ठरवताना सगळ्यांना घाम फुटतो. बारीक सुईने जोर लावून ओढलं तरी लाल पेशी फुटून पोटॅशियम वाढतं. तेव्हा लॅबला ‘सीरम लाल दिसतंय का’ एवढं विचारा.

लॅक्टेट साध्या ट्यूबमध्ये तास-तासभर पडून राहिलं तर वाढत जातं, कारण ट्यूबमधल्या पेशी साखर खातच असतात. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सिरिंजमधला नमुना १५ मिनिटांत मशीनवर लावा. उशीर होणार असेल तर बर्फात ठेवा किंवा राखाडी झाकणाच्या फ्लोराईड ट्यूबमध्ये घ्या. मूठ वळून उघडझाप करायला लावू नका, दंडाचा पट्टा फार वेळ ठेवू नका. पातळ हेपरिन वापरत असाल तर सिरिंज ओली करून सगळं बाहेर दाबून टाका आणि निदान दोन मिलिलिटर रक्त घ्या. अर्धा मिलिलिटर हेपरिन तसंच राहिलं तर बायकार्बोनेट आणि कॅल्शियम खोटे उतरतात आणि नसलेलं बेस डेफिसिट दिसतं. शिरेतलं रक्तही लॅक्टेटला चालतं. धमनी शोधण्यात दहा मिनिटं घालवू नका.

शेवटची चूक सर्वांत जिवावरची. एका जीपमधून दोन अनोळखी पुरुष येतात आणि दोघांच्या क्रॉसमॅचच्या (रक्त जुळवून पाहण्याच्या) ट्यूबवर नुसतं ‘अनोळखी’ लिहिलं जातं. मनगटाच्या पट्टीवर वेगळा नोंदणी क्रमांक, तोच ट्यूबवर, तोच रक्तपेढीच्या फॉर्मवर, आणि हे सगळं खाटेशी उभं राहून लिहायचं. ट्यूब आधीच नाव घालून ट्रेमध्ये तयार ठेवायच्या नाहीत. ओ निगेटिव्हची पहिली पिशवी लावण्याआधी क्रॉसमॅचचा नमुना निघालेला असावा.

प्रश्न : आयएनआर १.१ आणि प्लेटलेट दोन लाख असूनही जखमेतून रक्त थांबत नव्हतं. हे कसं? (निवासी डॉक्टर, पुणे)

लॅब प्लाझ्मा ३७ अंशाला तापवून आयएनआर मोजते. तुमचा रुग्ण ३४ अंशाला पडलेला असतो, ओल्या कपड्यांत, एसीखाली. थंडीमुळे गोठण्याची क्रिया किती मंदावली आहे ते आयएनआरमध्ये दिसतच नाही. शिवाय हा आकडा फक्त गोठण सुरू होण्याचा वेळ सांगतो. गुठळी किती भक्कम झाली आणि झालेली गुठळी विरघळतेय का, हे त्यात येत नाही.

मोठ्या दुखापतीत रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सगळ्यात आधी फायब्रिनोजेन संपतं. लंडनच्या एका अभ्यासात २००३ मध्ये दिसलं की गंभीर जखमींपैकी साधारण चौथा हिस्सा रुग्णालयात पोहोचतानाच गोठणदोष घेऊन येतो, सलाईनने रक्त पातळ व्हायच्या आधी. त्यामुळे निळ्या ट्यूबवर आयएनआरसोबत फायब्रिनोजेन मागायची सवय लावावी. रक्तस्राव चालू असताना ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर क्रायोप्रेसिपिटेट (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक) किंवा फायब्रिनोजेन द्यावं लागतं. गरोदर बाईत मात्र ४००-६०० हे स्वाभाविक असतं. तिच्या रिपोर्टवर २०० पाहून ‘नॉर्मल’ म्हणणं घातक. टेग किंवा रोटेम असेल तर गुठळीच्या ताकदीचा अंदाज दहा-पंधरा मिनिटांत येतो. ही यंत्रं मोठ्या केंद्रांतच दिसतात.

काहीच नसेल तर? सर्पदंशासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरतात ती २० मिनिटांची काचेच्या नळीची चाचणी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरपं करायचं. गोठलं नसेल तर फायब्रिनोजेन फार खाली गेलंय. गोठलं असेल तर मात्र काहीही सिद्ध होत नाही, कारण थोड्या फायब्रिनोजेनवरही नळीत गुठळी होते.

आयनाइज्ड कॅल्शियम त्याच एबीजी मशीनवर दिसतं आणि तरी नजर तिकडे जात नाही. रक्ताच्या पिशवीतलं सायट्रेट ते बांधून टाकतं. ते १.१ च्या वर ठेवा. १० टक्के कॅल्शियम क्लोराईडच्या दहा मिलिलिटरमध्ये ग्लुकोनेटच्या तिप्पट कॅल्शियम असतं, हे डोस लिहिताना विसरू नका.

ट्रानेक्सॅमिक ॲसिडसाठी (गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधासाठी) कुठल्याच रिपोर्टची वाट पाहायची नसते. २० हजारांवर रुग्णांच्या क्रॅश-२ चाचणीतला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला डोस आजही तोच: एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत. तीन तासांनंतर सुरू केलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. म्हणून अपघाताची वेळ केसपेपरवर पहिल्या ओळीत हवी.

प्रश्न : अपघातानंतर पांढऱ्या पेशी १८,००० आल्या. इतक्यात इन्फेक्शन झालं का? (वाचक, नाशिक)

नाही. मोठ्या दुखापतीच्या ताणानेच त्या काही तासांत वाढतात. सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिनही दोन-तीन दिवस चढतं. संसर्गाची खूण मानलं जाणारं प्रोकॅल्सिटोनिनसुद्धा पहिल्या दिवशी दुखापतीनेच थोडं वाढतं, मग उतरायला लागतं. उतरलेलं पुन्हा चढलं तर मात्र संसर्ग शोधावा लागतो.

प्रश्न : ट्रॅक्टर उलटून वडिलांचा पाय तीन तास ट्रॉलीखाली होता. हाड मोडलं नाही, पायही हलत होता. डॉक्टरांनी सीपीके नावाची तपासणी रोज केली आणि भरपूर सलाईन दिलं. मोडलेलं काहीच नसताना एवढं कशासाठी? (वाचक, पंढरपूर)

हाडापेक्षा इथे स्नायू महत्त्वाचा. वजनाखाली चेपलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यातून पोटॅशियम, मायोग्लोबिन (स्नायूंतलं लाल प्रथिन) आणि सीपीके हे एन्झाइम बाहेर पडतं. वजन आहे तोवर हे पायातच अडकून राहतं. वजन उचललं, रक्त खेळू लागलं, की सगळं एकदम हृदयाकडे आणि मूत्रपिंडांकडे निघतं. ढिगाऱ्याखाली बोलणारा माणूस बाहेर काढल्यावर काही मिनिटांत का दगावतो, त्याचं एक कारण हे पोटॅशियम. लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून काढलेल्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवलं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपासारख्या प्रसंगात, जिथे दगडमातीची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, तिथे हाच धोका असतो. ट्रॉली, विहिरीचा ढासळलेला कठडा, उसाची मोळी भरलेली बैलगाडी यांखालीही तोच. उच्च दाबाच्या तारेचा झटकाही आतल्या आत स्नायू जाळतो.

सीपीके स्वतः अपाय करत नाही. किती स्नायू मेला त्याचं ते माप आहे. सामान्य आकडा साधारण २०० च्या आत. तो एक ते तीन दिवस चढतो आणि मग दर दीड दिवसाला निम्मा होत उतरतो. ५,००० च्या वर गेला की मूत्रपिंडाचा धोका खरा. म्हणून पहिल्या दिवशी १,२०० आला तर समाधान मानायचं नसतं, रोज पाहायचं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो चढतच असेल तर पायात अजून स्नायू मरतोय. पोटरी दगडासारखी घट्ट लागत असेल, बोटं वर ओढली की माणूस ओरडत असेल, तर कुठल्याही आकड्याची वाट न बघता सर्जनला बोलवायचं. पायातला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो तो सीपीके चढायच्या आधी.

लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर ते मायोग्लोबिन. लघवीच्या पट्टीवर ‘रक्त’ जोरदार पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, ही जोडी पक्की खूण. ही तपासणी कुठल्याही दवाखान्यात दहा मिनिटांत होते आणि सीपीकेपेक्षा स्वस्त आहे.

उपचार करणाऱ्यांसाठी: शक्य असेल तर वजन उचलण्याआधीच सलाईन सुरू करा, प्रौढाला तासाला सुमारे एक लिटर. नंतर लघवी तासाला २०० ते ३०० मिलिलिटर राहील इतकं. लघवी होतच नसेल तर हाच मारा फुप्फुसात पाणी करतो, म्हणून कॅथेटर हवाच. हा एक रुग्ण असा, ज्याला रिंगर नको, नॉर्मल सलाईन हवं. रिंगरमध्ये पोटॅशियम असतं. ईसीजीवर टी लहरी उंच, टोकदार झाल्या तर लॅबच्या पोटॅशियमआधी कॅल्शियम द्या.

प्रश्न : डोक्याला मार लागल्यावर सीटी स्कॅनऐवजी आता रक्त तपासून कळतं, असं वाचलं. खरं का? (वाचक, ठाणे)

अर्धं खरं. मेंदूला इजा झाली की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन प्रथिनं रक्तात उतरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये या जोडीच्या तपासणीला मान्यता दिली, २०२१ मध्ये हातात मावणाऱ्या यंत्रावरच्या प्लाझ्मा चाचणीला आणि २०२४ मध्ये थेट रक्ताच्या थेंबांवर होणाऱ्या चाचणीला. मूळ चाचणी १८ वर्षांवरच्या, शुद्धीत किंवा जवळपास शुद्धीत असलेल्या, मार लागून १२ तास न झालेल्यांसाठी होती.

ती उत्तम सांगते ‘नाही’. दोन्ही प्रथिनं कमी असतील तर सीटीवर रक्तस्राव दिसण्याची शक्यता हजारात चार-पाच. पण ‘होय’ ती फार सढळपणे म्हणते. सीटी स्वच्छ असलेल्या तिघांपैकी साधारण दोघांतही ती पॉझिटिव्ह येते. म्हणजे तिचा उपयोग काही सीटी वाचवण्यापुरता. उत्तर युरोपात एस-१००बी हे जुनं प्रथिन सहा तासांच्या आत याच कामासाठी वापरतात. पण ते चरबी आणि हाडांतूनही येतं, त्यामुळे सोबत बरगड्या, मांडी मोडली असेल तर त्याला अर्थ उरत नाही.

दोन वेळा किंवा जास्त उलटी, दोन तासांनीही पुरती शुद्ध नाही, वय ६५ च्या वर, कवटी मोडल्याची खूण, रक्त पातळ करणारी गोळी चालू: यातलं एकही असेल तर रक्ततपासणीच्या नादी न लागता सीटी.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, हँडल पोटात लागलं. रक्तात एसजीओटी तपासलं. पोटाच्या माराशी काविळीच्या तपासणीचा काय संबंध? (वाचक, कोल्हापूर)

यकृताला मार लागला की त्याच्या पेशींतून हीच एन्झाइमं गळतात. मुलांच्या पोटाच्या दुखापतीत एसजीओटी २०० च्या किंवा एसजीपीटी १२५ च्या वर असेल तर पोटाच्या सीटीचा विचार करतात. हँडलच्या मारात स्वादुपिंड मणक्यावर चेपलं जातं. त्यासाठी लायपेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमची तपासणी. ते पहिल्या दोन-तीन तासांत सामान्यही येतं, म्हणून पोट दुखतच राहिलं तर सहा तासांनी पुन्हा तपासायचं. १५ किलोच्या मुलात एकूण रक्त जेमतेम सव्वा लिटर असतं. एक पेला गेला तरी ते मोठ्या माणसाच्या लिटरसारखं, आणि तरीही बीपी टिकून राहतं. मुलांत बीपीवर विसंबणं म्हणूनच धोक्याचं.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, बाथरूममध्ये पडली. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. कुठले रिपोर्ट मागावेत? (वाचक, डोंबिवली)

गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा, नावं आठवत बसू नका. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीवर नाडी ७० च्या पुढे जातच नाही, रक्त जात असलं तरी. अशा वेळी लॅक्टेट जास्त खरं बोलतं. नेहमीचं बीपी १६० असेल तर १११ हे तिच्यासाठी कमीच. वॉरफरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआर लगेच हवा. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन यांवर मात्र आयएनआर सामान्यही येऊ शकतो आणि रक्त पातळच असतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलवर प्लेटलेटची संख्या भरपूर असते, पण त्या कामाच्या नसतात. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे पट्टीच्या पाठीवर पेनाने लिहून न्या.

प्रश्न : आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. अपघातात त्यांचं हिमोग्लोबिन कसं वाचायचं? (आरोग्यसेवक, गडचिरोली)

त्यांचं रोजचंच हिमोग्लोबिन बहुधा ७ ते ९ असतं. ८ आकडा पाहून रक्तस्राव समजू नये, आणि नेहमी ९.५ असणाऱ्याला ८ आला तर ‘सिकल आहे’ म्हणून सोडूही नये. तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी. थंडी, ऑक्सिजनची कमतरता आणि रक्तातली आंबटता यांनी पेशी कोयत्यासारख्या वळतात आणि अपघातात तिन्ही एकदम येतात. म्हणून ऑक्सिजन, पांघरूण आणि लॅक्टेट इथे इतरांपेक्षा लवकर. सिकलच्या कार्डावर शेवटचं हिमोग्लोबिन आणि तारीख लिहिलेली असेल, तर रेफरच्या चिठ्ठीला ते कार्डच टाचून पाठवा.